चौकटीत न मावलेल्या सह्या

घोटणवाडीच्या वाचनालयाचं नवं दालन पाहायला नर्मदाबाई धुरी गुरुवारी सकाळी गेल्या, तेव्हा भिंतीवरून एकसष्ट साहित्यिक एकाच मापाच्या चौकटींतून त्यांच्याकडे पाहत होते. चौकटी सोनेरी होत्या, प्लास्टिकच्या होत्या आणि इतक्या शिस्तीत टांगल्या होत्या की एखाद्या कवायतीच्या मास्तरांना भरून यावं. प्रत्येक काचेवर, कपाळाच्या नेमक्या जागी, लाल गंधाचा टिळा होता. गेलेल्या माणसाचं कपाळ मोकळं ठेवू नये, हा रिवाज. त्यातून कोणीच सुटलं नव्हतं. जन्मभर मूर्तिपूजेची टवाळी करणारे निबंधकार नाहीत, चर्चमध्ये प्रवचनं देणारे रेव्हरंड नाहीत, आणि सध्या मिरजेला मुलीकडे राहून रोज दोन भाकऱ्या पचवणारे ब्याण्णव वर्षांचे कथाकारही नाहीत.

बाईंना आधी हसू आलं. मग नजर खाली उतरली आणि हसू जागच्या जागी थिजलं.

जुने स्टुडिओवाले फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून देत. फोटोच्या खाली पुठ्ठ्याची बोटभर रुंद कड मोकळी राही. ज्याचा फोटो, तो त्या कडेवर शाईने सही करी. नर्मदाबाईंनी चाळीस वर्षं जमवल्या होत्या त्या या कडा. चेहरे कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळतात. कडेवर मात्र माणूस स्वतः येऊन टेकून गेलेला असतो. त्याचा हात कापतो का, तो आपल्या नावाखाली रेघ ओढतो का, बक्षीसपात्र कादंबरीकाराला स्वतःचं आडनाव एका दमात लिहिता येतं का, हे सगळं तिथे कळतं. त्या कडांसाठी बाईंनी पत्रं लिहिली होती, परतीची तिकिटं पाठवली होती, जुन्या वाचकांच्या माळ्यांवर धूळ खाल्ली होती, आणि ज्यांच्या कविता वाचवत नाहीत अशा कवींच्या कविता त्यांच्या वारसांसमोर डोळे मिटून ऐकल्या होत्या.

आता कडा नव्हत्या. एकसष्ट फोटो तळाशी, पट्टी लावून, सरळ रेषेत कापले होते. चौकटींखाली संगणकावर छापलेली नावं डकवली होती.

"किशोरी," बाईंनी ग्रंथपाल मुलीला हाक मारली. आवाज वर्गात हजेरी घेतल्यासारखा होता. "ह्यांच्या खालच्या पट्ट्या कुठे आहेत?"

"माका ठावक नाय, बाईनू. फोटो कट्ट्याक गेल्ले, फ्रेमवाल्या धोंडू मेस्तांकडे. थंयसून असेच इले."

"आणि तू काही विचारलं नाहीस?"

"माका वाटला, तुमीच सांगितलास."

बाईंच्या हयातीत या जिल्ह्यात जे जे मोडलं, जे जे रद्दीत गेलं, त्या प्रत्येकाच्या मुळाशी त्यांना हेच एक वाक्य सापडलं होतं: मला वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल.

त्या तिसऱ्या रांगेतल्या चौथ्या चौकटीपाशी गेल्या. सत्यभामा दाजी मसुरकर. सावंतवाडीच्या तळ्याकाठच्या एका स्टुडिओत १९३१ साली बसलेली, नऊवारीतली, मोकळ्या कपाळाची बाई. विधवेने फोटो काढून घेणं हेच त्या काळी दांडगाईचं होतं, आणि हिने वर कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा दिला होता. त्या कपाळावर आता वाचनालयाने कुंकवाएवढा टिळा लावला होता. पण बाईंना हवा होता तो त्याखालचा मजकूर. कडेवर सत्यभामाबाईंनी लिहिलं होतं: "'गोपाळसुत' या नावाने लिहिते ती मी. सत्यभामा दाजी मसुरकर. ७ मे १९३१."

'गोपाळसुत' म्हणजे तात्या मसुरकर वकील, सत्यभामाबाईंचे दीर, असं नव्वद वर्षं शाळांतून शिकवलं जात होतं. तात्यांच्या नावाचा चौक होता, स्मारक समिती होती, दरवर्षीचं व्याख्यान होतं. एका ओळीच्या त्या मजकुराने सगळं कोसळणार होतं. बाईंनी फोटोची प्रत जोडून लेख पाठवला, तेव्हा समितीने उत्तर दिलं की प्रत हा पुरावा नव्हे. मूळ शाई तपासू द्या. पुण्याचे हस्ताक्षरतज्ज्ञ पुढच्या महिन्यात ती शाई पाहायला यायचे होते. हा फोटो बाईंनी वेंगुर्ल्याच्या एका घरातून मिळवला होता, सत्यभामाबाईंच्या नातीच्या मठ्ठ मुलाला वर्षभर फुकट व्याकरण शिकवून. मुलगा नापास झाला. फोटो मात्र मिळाला.

आणि बहात्तराव्या वर्षी, आपल्यामागे समुद्राची दमट हवा हे सगळं खाऊन टाकील या भीतीने, बाईंनी तो संग्रह वाचनालयाला दान केला होता. जे सार्वजनिक आहे तेच टिकतं, असं त्यांनी बत्तीस वर्षं वर्गात सांगितलं होतं. शिक्षकाने स्वतःचं बोलणं खरं मानू नये.

"कसं वाटलं दालन, बाई?" मागून दमदार आवाज आला. वाचनालयाचे अध्यक्ष दत्तप्रसाद पालव आले होते. काजूच्या कारखान्याचे मालक आणि एके काळचे बाईंचे विद्यार्थी. मराठीच्या पेपरात त्यांना पस्तीस गुण होते, आणि त्यांतले पाच बाईंनी दया येऊन दिले होते. दयेची फळं अशी उशिरा पिकतात.

"दत्तप्रसाद, सह्या कुठे गेल्या?"

"कसल्यो सह्यो?" अध्यक्ष प्रमाण मराठीवरून एका पायरीने घसरले.

"फोटोंखालच्या."

"त्यो होय! अवो बाईनू, फ्रेमी सगळ्यो सहा बाय चारच्यो. तयार, एकगठ्ठा मागवलंय. आणि तुमचे फोटो निघाले अर्ध्या इंचान लांब. धोंडू म्हणालो, खालची शाई लागलेली पट्टी काढूया, वरची माणसा जशीच्या तशी रवतली. मी म्हटलंय, काढ. खाली कायतरी गिचमीड होता, वाचाकव येय नाय."

"तुला वाचता येत नव्हतं."

"हां, तसाच." अध्यक्षांना टोमणा लागला नाही. त्यांच्या कातडीत तेवढी जागाच नव्हती. "पण तुमी काळजी करू नुको. तुमच्या यादीच्या पुस्तकात सगळ्या सह्यांचे फोटो आसत ना? ओमकार सर बसलेत कामाक. चित्रकलेचो माणूस, हात सोन्यासारखो. चायच्या पाण्यात कागद बुडवून सुकवल्यान, शंभर वर्सां जुनो दिसता. रविवारपर्यंत एकसष्ट सह्यो करून देता. खऱ्यापेक्षा बऱ्यो."

नर्मदाबाईंनी आयुष्यात पुष्कळ वाङ्मयचौर्य पाहिलं होतं. चोर निदान मुद्देमाल लपवतो. हा माणूस तो चहात बुडवून दोरीवर वाळत घालत होता.

"एक शब्द ऐका, अध्यक्ष," त्या म्हणाल्या. त्यांनी 'तू'वरून 'तुम्ही'वर येणं म्हणजे काय, हे त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना ठाऊक होतं. "ज्या भिंतीवर साठ खोट्या सह्या आहेत, त्या भिंतीवरून काढलेली एकसष्टावी खरी सही जगात कोणीही खरी मानणार नाही. ओमकारला थांबवा."

"आता कसा थांबवू? ओरोसच्या जिल्हा कचेरीतले साहेब उद्घाटनाक येतत. आमंत्रणपत्रिकेर छापला, 'सह्यांच्या अस्सलतेविषयी निवेदन: प्रा. नर्मदा धुरी'. तुमचा नाव छापला, बाईनू! सही नसलेल्या फोटोंसमोर तुमी काय निवेदन करतलास?"

हे मात्र खरं होतं.

कट्ट्याच्या बाजारात धोंडू मेस्तांचं काचा-चौकटींचं दुकान. बाई पोचल्या तेव्हा मेस्त गणपतीच्या एका तसबिरीच्या पाठीला चुका ठोकत होते. साठीचा किरकोळ माणूस, कानावर पेन्सिल.

"येवा बाईनू, बसा. फोटो बगलास?"

बाई इथे मालवणीत बोलल्या. रागाला ती भाषा जवळची होती. "बगलंय, धोंडू. कापलंस कित्याक?"

"अध्यक्षांनी सांगितल्यानी." मेस्तांच्या हातातली हातोडी थांबली. "चुकला काय?"

"खाली माणसांनी आपल्या हातान लिवलेली नावां होती. त्यो पट्टयो खंय आसत? फेकलंस?"

"फेकतंय?" मेस्त दुखावले. "माका काय समाजलास, बाईनू? अक्षर लिवलेलो कागद मी पायाखाली येवक देवचंय नाय. माझ्या बापाशीन शिकवल्यान, लिवलेला म्हंजे सरस्वती. दुकानात केर काढूच्या आधी मी लिवलेलो कागद उचलतंय. एकसष्टच्या एकसष्ट पट्टयो मी कपाळाक लावून बाजूक ठेवलंय."

बाईंनी हात पुढे केला. "मगे दी."

"आता माझ्याकडे नाय. अध्यक्षांच्या बापाशीची फ्रेम नाय काय केलंय, मधी लावूची मोठी? सागवानी, खाच खोल. फोटो पातळ, मागे भर नसली तर काचेसून सुटता, खुळखुळता. पुठ्ठो व्हयो होतो. म्हटला, गंगाराम पालव म्हंजे देवमाणूस, तेंच्या पाठीक लिवलेलो कागद ऱ्हवलो तर दोघांचोव मान. सगळ्यो पट्टयो थंयच घातलंय. चिकटवूक नाय, नुसत्यो दाबून बसवलंय."

नर्मदाबाईंनी या माणसाकडे पाहिलं. रागावायचं होतं, पण रागाला धरायला जागा सापडेना. याने कापलं होतं आणि यानेच वाचवलं होतं, आणि दोन्ही वेळी सारख्याच निष्ठेने. बाईंचा राग कुठे गेला नाही. तो फक्त पत्ता बदलून, व्याजासकट, घोटणवाडीकडे परत निघाला.

शुक्रवारी त्या अध्यक्षांच्या घरी गेल्या. दत्तप्रसादांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि मान हलवली.

"ता जमाचा नाय, बाईनू."

"चार चुका काढायच्या, पट्ट्या घ्यायच्या, दुसरा पुठ्ठा घालायचा. धोंडू अर्ध्या तासात करील."

"पूजा झाली त्या फोटोची. भटजींनी मंत्र म्हटल्यानी, हार घातलो. आता बापाशीक परत पालथो पाडून पाठ उसकटूची? लोक काय म्हणतले? आई तर दारात उभी करूची नाय माका."

"मग उद्घाटन झाल्यावर उघडू."

"एकदा भिंतीर चढलेलो बापूस मी खाली उतरवचंय नाय." मग अध्यक्षांनी प्रमाण मराठी धारण केली, जी ते ठराव मांडताना वापरत. "शिवाय बाई, दान दिल्यानंतर वस्तूवर दात्याचा हक्क राहत नाही. वाचनालयाच्या समितीचं असं मत आहे. आणि एका बाईच्या एका ओळीसाठी एवढा आटापिटा कशाला? कविता कोणीही लिहिलेली असो. कविता चांगली आहे, एवढं पुरे ना?"

असा विचार बाईंनी याआधी जाड जाड ग्रंथांत वाचला होता, तळटिपांसह. जिथे तिथे तो मांडणाऱ्याचं स्वतःचं नाव मात्र मुखपृष्ठावर ठळक छापलेलं असे.

"तुमच्या कारखान्याच्या पाटीवर कोणाचं नाव आहे?" त्यांनी विचारलं.

"आमचाच. पालव काजू."

"काजू चांगला आहे. नाव पुसून टाका."

अध्यक्ष हसले. आपल्या बाई अजून विनोद करतात याचं त्यांना बरं वाटलं.

रविवारी दालन भरलं होतं. मधल्या भिंतीवर कै. गंगाराम पालव झेंडूच्या हारात विराजमान होते, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना साहित्याचा इतिहास सहा बाय चारमध्ये टांगला होता. प्रत्येक चौकटीखाली आता चहाच्या रंगाची चिठ्ठी होती. ओमकार सर पहिल्या रांगेत बसले होते. बोटांना काळी शाई, चेहऱ्यावर कलावंताचं नम्र समाधान. सत्यभामाबाईंची सही त्यांनी विशेष सुबक केली होती. मूळ सहीत 'भा' चा काना जरा वाकडा होता. सरांनी तो सरळ करून घेतला होता.

ओरोसचे पाहुणे आले, दिवा लागला, शाली झाल्या. धोंडू मेस्तांना नारळ मिळाला. मग सूत्रसंचालन करणाऱ्या किशोरीने बाईंचं नाव घेतलं.

नर्मदाबाई ध्वनिक्षेपकासमोर उभ्या राहिल्या. कागद नव्हता.

"सह्यांच्या अस्सलतेविषयी निवेदन करायला मला सांगितलं आहे," त्या म्हणाल्या. "निवेदन असं. या भिंतीवरच्या एकसष्ट सह्या गेल्या चार दिवसांत एका चित्रकला शिक्षकांनी केल्या आहेत. कागद चहात बुडवलेला आहे. हुंगून पाहिलात तर आलंही कळेल."

पहिल्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. ओमकार सरांनी हात शालीखाली घेतले.

"खऱ्या सह्या अध्यक्षांच्या आदेशाने कापण्यात आल्या, कारण चौकटी अर्ध्या इंचाने लहान होत्या. त्या खऱ्या सह्या याच दालनात आहेत. धोंडू मेस्त, हत्यारां हाडलंस मा?"

मेस्त मागच्या रांगेतून उठले. नारळ त्यांनी खुर्चीवर ठेवला. बाईंनी सकाळी फक्त एवढाच निरोप दिला होता की पक्कड घेऊन ये. कशाला ते मेस्तांनी विचारलं नव्हतं. आता त्यांना कळलं, आणि ते भर सभेत उभेच राहिले.

"बाईनू!" अध्यक्ष व्यासपीठावरून जवळजवळ ओरडले. "तो माझ्या बापाशीचो फोटो आसा!"

"तुमच्या वडिलांना मी बोटही लावणार नाही. त्यांच्या पाठीमागे ज्यांना कोंबलंय, त्यांना बाहेर काढायचं आहे."

सभेत कुजबुज पसरली. "बायचा डोक्या फिरला," एक बाई म्हणाली. "हार घातल्ल्या माणसाक खाली उतरवतत?" दुसरा कोणी म्हणाला, "मेस्ता, हात लाव नुको हां, पाप लागात." ओरोसचे पाहुणे घड्याळाकडे पाहू लागले, जणू काळ हे त्यांचं खातं होतं.

धोंडू मेस्तांनी एकदा अध्यक्षांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. मग चपला काढल्या, भिंतीपाशी गेले, गंगाराम पालवांच्या तसबिरीला हात जोडले.

"गंगारामानू, माफ करा," ते मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुमच्या पाठीक मीच लिवलेला घातलंय. काढतंय. लिवलेला जेचा तेका जावक व्हया."

त्यांनी हार उतरवून अदबीने टेबलावर ठेवला, तसबीर पालथी केली आणि एकामागून एक चुका उपसल्या. मागची फळी निघाली. पुठ्ठ्याच्या पट्ट्या रांगेने दाबून बसवलेल्या होत्या. बाई एकेक उचलत गेल्या. निबंधकाराची रागीट रेघ. रेव्हरंडांचा बारीक क्रूस. कथाकाराची, चष्मा नसताना केलेली, तिरकी सही. तेविसावी पट्टी सत्यभामाबाईंची होती. शाई तपकिरी पडली होती, 'भा' चा काना वाकडा होता. अक्षरांच्या वरून पातं गेलं होतं. 'लिहिते' तली एक वेलांटी अर्धी कापली गेली होती. बाकी सगळं होतं.

बाईंनी तो मजकूर ध्वनिक्षेपकात वाचला. दोनदा वाचला. गोपाळसुत कोण होतं ते सभेला सांगितलं. शाळेत त्या कविता पाठ केलेली माणसं दालनात पुष्कळ होती. ती सावरून बसली.

आणि मग बाईंना ज्याची खरी भीती असायला हवी होती, ते घडलं. दत्तप्रसाद पालव सावरले. त्यांनी ध्वनिक्षेपक हाती घेतला.

"मंडळी! आपल्या बाईंच्या या चिकाटीसाठी, आणि माझ्या वडिलांनी मरणोत्तरही साहित्य आपल्या पाठीशी सांभाळलं यासाठी, जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. ओरोसच्या पाहुण्यांनीही वाजवल्या. ओमकार सरांनी तर सगळ्यांहून जास्त वेळ वाजवल्या. नर्मदाबाई त्या आवाजात उभ्या राहिल्या. आपल्याला शिव्या मिळतील, बहिष्कार पडेल, याची तयारी त्यांनी केली होती. या गावाचं पोट इतकं मोठं आहे की ते अपमानसुद्धा सत्कार म्हणून पचवतं, हे त्यांच्या कोणत्याही पुस्तकात नव्हतं.

टाळ्या ओसरायच्या आत त्या तिसऱ्या रांगेतल्या चौथ्या चौकटीपाशी गेल्या, ती खाली उतरवली आणि मागचे खटके उघडून फोटो बाहेर काढला. टिळा काचेवरच राहिला. चहाची चिठ्ठी त्यांनी ओमकार सरांच्या मांडीवर ठेवली.

"बाईनू, ह्यां काय?" अध्यक्ष ध्वनिक्षेपक हाताने झाकून जवळ आले. "फोटो वाचनालयाचो आसा. दानपत्र झाला."

"खटला भरा."

"काय?"

"माझ्यावर खटला भरा. मग तुम्हाला कोर्टात लेखी सांगावं लागेल, हा फोटो कोणाचा, त्याखाली काय लिहिलेलं होतं, ते कोणी कापलं आणि त्याजागी काय डकवलं. एवढं सगळं सरकारी शिक्क्याच्या कागदावर आलं तर तात्या मसुरकरांच्या समितीला माझ्या लेखाची गरजही उरणार नाही. भरा. मी वाट पाहते."

उत्तर प्रमाण मराठीत द्यावं की मालवणीत, हेच अध्यक्षांना ठरवता येईना.

बाईंनी उरलेल्या साठ पट्ट्या मोजून किशोरीच्या हाती दिल्या. "ह्या त्या त्या फोटोंना कशा लावायच्या ते तू आणि मी मंगळवारी बसून ठरवू. यापुढे कोणाला काही 'वाटलं', तर त्याने आधी मला विचारायचं." किशोरीने पट्ट्या पदरात धरल्या आणि मान हलवली.

बाहेर पायऱ्यांवर धोंडू मेस्त चपला घालत होते. नारळ आत खुर्चीवरच राहिला होता; परत आत जायची त्यांची छाती होत नव्हती. बाईंनी पायरीवर बसून मांडीवर फोटो ठेवला आणि त्याखाली पट्टी लावून पाहिली. कड कडेला बसली. मध्ये केसाएवढी फट राहिली, पात्याच्या जाडीची.

मेस्त वाकून पाहत होते. "हयसर द्या, बाईनू. मी जोडून देतंय. पाठसून पातळ पट्टी मारतंय, वरसून जरासो रंग. ती वेलांटी पण भरून काढतंय. कापलेला होता असा कोणाक कळाचा नाय."

"नको, धोंडू," बाई म्हणाल्या. "कळूक व्हया."